वकील फुकट का लिहितात?

वकिलाची कमाई त्याच्या मतावर चालते. अशील कागद घेऊन येतो, वकील त्या कागदांचा कायद्याच्या दृष्टीने अर्थ लावून देतो आणि त्याची फी घेतो. तरीही ‘नोंदणी न केलेला भाडेकरार न्यायालयात चालतो का’ किंवा ‘सर्वोच्च न्यायालयाने काल नेमके काय ठरवले’ असा प्रश्न मोबाइलवर टाकला, तर सर्वांत नेमके उत्तर पुष्कळदा एखाद्या वकिलाच्या किंवा कायद्याच्या प्राध्यापकाच्या ब्लॉगवर सापडते आणि त्यासाठी कुणी एक रुपयाही मागत नाही. भारतात तर वकिलाला जाहिरातीची मनाई आहे, म्हणजे असे लिहून अशील मिळवणेही नियमात बसत नाही. मग ज्यावर पोट चालते तेच ज्ञान ही माणसे मोफत का देतात?

याचे उत्तर कायद्याच्या घडणीत आहे. कायदा सार्वजनिक कागदांत असतो. अधिनियम राजपत्रात छापले जातात, निकाल खुल्या न्यायालयात दिले जातात. पण कागद हाती आला म्हणून कायदा कळतो असे नाही. निकाल जाहीर होणे आणि त्याचा अर्थ लोकांपर्यंत पोहोचणे यांच्यात पूर्वी महिने, कधी वर्षे जात. वकिलांचे ब्लॉग वाढले ते या मधल्या रिकाम्या काळात.

निकाल लागतो, पण कळतो कधी?

राज्यघटनेच्या अनुच्छेद १४१ नुसार सर्वोच्च न्यायालयाने घोषित केलेला कायदा देशातील सर्व न्यायालयांवर बंधनकारक असतो. त्यामुळे दोन पक्षकारांमधल्या भांडणाचा निकाल त्या दोघांपुरता राहत नाही. उद्या तसाच प्रश्न सांगलीच्या किंवा अकोल्याच्या न्यायालयात आला, तर तोच निकाल पुढे ठेवला जातो. अडचण अशी, की निकालपत्रातले प्रत्येक वाक्य बंधनकारक नसते. ज्या तत्त्वावर निकाल टेकलेला असतो तेवढेच बांधते. न्यायमूर्तींनी ओघात मांडलेली इतर मते विचारात घेतली जातात, पण ती बांधत नाहीत. शेकडो पानांतून हे तत्त्व वेगळे काढणे हीच वकिलाची मुख्य विद्या आहे. केशवानंद भारती खटल्यात २४ एप्रिल १९७३ रोजी १३ न्यायमूर्तींच्या पीठाने ७ विरुद्ध ६ असा निर्णय दिला, तो ११ स्वतंत्र निकालपत्रांतून. त्यांतून बहुमताचे म्हणणे नेमके कोणते, यावर पुढे कित्येक वर्षे वाद चालला.

हे काम पूर्वी तीन टप्प्यांत होई. आधी निकाल ‘लॉ रिपोर्ट’च्या खंडांत छापला जाई. त्याच्या माथ्यावर संपादकाने लिहिलेला सारांश असे, त्याला हेडनोट म्हणतात. मुंबईत रतनलाल रणछोडदास आणि धीरजलाल ठाकोर यांचा ‘बॉम्बे लॉ रिपोर्टर’ १८९९ मध्ये सुरू झाला. १९१४ पासूनचे निकाल असलेले नागपूरच्या ‘ऑल इंडिया रिपोर्टर’चे, म्हणजे ‘एआयआर’चे, जाडजूड खंड आजही तालुक्याच्या बाररूममध्ये कपाटात दिसतात. दुसऱ्या टप्प्यावर कायद्याच्या नियतकालिकांत प्राध्यापकांचे लेख येत. शेवटी टीकाग्रंथांची नवी आवृत्ती निघे आणि त्यात तो निकाल योग्य कलमाखाली बसे. पहिल्या टप्प्याला काही आठवडे लागत, दुसऱ्याला वर्षभर, तिसऱ्याला त्याहून जास्त. आणि हे तिन्ही टप्पे वकिलांसाठी होते. सामान्य वाचकाच्या वाट्याला दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातली बातमी येई, आणि ती बहुधा घाईघाईत लिहिलेली असे.

अमेरिकेतील सुरुवात

१९९९ मध्ये ‘ब्लॉगर’ ही मोफत सेवा निघाली आणि संगणकाची भाषा न येणाऱ्यालाही स्वतःचे लेखन प्रसिद्ध करता येऊ लागले. नवी नोंद सर्वांत वर, प्रत्येक नोंदीवर तारीख, प्रत्येक नोंदीचा स्वतंत्र कायमचा पत्ता आणि मजकुरात मूळ कागदाकडे नेणारे दुवे, एवढीच ब्लॉगची रचना. वकिलाच्या हाताला ती चटकन बसली, कारण वकिली लेखनही असेच चालते: विधान करायचे आणि लगेच त्याचा आधार दाखवायचा. छापील लेखात हा आधार तळटीपेत असे आणि वाचकाला तो शोधायला ग्रंथालयात जावे लागे. ब्लॉगवर बोट टेकवले की निकालपत्रच उघडे. लेखकाचे म्हणणे त्याच क्षणी तपासता येऊ लागले. विश्वास निर्माण व्हायला याचा जेवढा उपयोग झाला, तेवढा लेखकाच्या पदव्यांचाही झाला नसेल.

वॉल्टर ओल्सन यांचे ‘ओव्हरलॉयर्ड’ हे निरर्थक दाव्यांची नोंद ठेवणारे संकेतस्थळ १९९९ मधले. कायद्याच्या ब्लॉगांत ते सर्वांत जुने मानले जाते. खरी गर्दी झाली ती २००२ मध्ये. कॅलिफोर्नियातील प्राध्यापक यूजीन वोलोख यांनी ‘वोलोख कॉन्स्पिरसी’ सुरू केला आणि पुढे अनेक प्राध्यापक तेथे एकत्र लिहू लागले. पेनसिल्व्हेनियातील अपिलांचे वकील हॉवर्ड बॅशमन यांनी ‘हाऊ अपीलिंग’ काढला. देशभरातील अपील न्यायालयांत काय घडले याची रोजची नोंद ते ठेवत. पुढे त्यांनी विद्यमान न्यायाधीशांना २० प्रश्न पाठवून त्यांची उत्तरे छापली. एरवी न्यायालयाबाहेर न बोलणारे न्यायाधीश एका वकिलाच्या ब्लॉगवर बोलले, ही त्या व्यवसायातली नवी गोष्ट होती. त्याच वर्षी टॉम गोल्डस्टीन आणि एमी हॉव या वकील दांपत्याने अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाला वाहिलेला ‘स्कोटसब्लॉग’ सुरू केला. आपल्या छोट्या वकिली संस्थेची ओळख व्हावी हा त्यामागचा एक हेतू होता.

ब्लेकली ते बुकर: सहा महिन्यांचा गोंधळ

या लेखनाची गरज किती खरी होती, ते २००४ मध्ये दिसले. २४ जून २००४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘ब्लेकली विरुद्ध वॉशिंग्टन’ हा निकाल दिला. आरोपीने अपहरणाचा गुन्हा कबूल केला होता. त्या राज्याच्या नियमांनुसार त्याला सामान्यतः जास्तीत जास्त ५३ महिने शिक्षा बसली असती. न्यायाधीशाने ‘जाणूनबुजून क्रूरता’ हा मुद्दा स्वतःच सिद्ध धरून ती ९० महिने केली. सर्वोच्च न्यायालय म्हणाले, की शिक्षा वाढवणारी अशी वस्तुस्थिती ज्युरीने ठरवली पाहिजे. ती एकट्या न्यायाधीशाने ठरवता येणार नाही.

निकाल एका राज्याच्या नियमांबद्दल होता. पण केंद्रीय न्यायालयांतील शिक्षाही जवळपास अशाच, शिक्षेची मर्यादा आखून देणाऱ्या कोष्टकावर ठरत. मग ते कोष्टकही गेले का? निकालात याचे उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवशी न्यायाधीशांपुढे आरोपी उभे होते आणि शिक्षा तर द्यायचीच होती. काही न्यायाधीशांनी कोष्टक घटनाबाह्य ठरवले, काहींनी ते पूर्वीसारखेच वापरले. एकाच देशात, एकाच गुन्ह्याला, न्यायालयागणिक वेगळा कायदा लागू होऊ लागला.

छापील व्यवस्थेकडे यावर काहीच उपाय नव्हता. नियतकालिकाचा लेख तयार होईपर्यंत ही परिस्थितीच बदलून गेली असती. ओहायो स्टेट विद्यापीठातील प्राध्यापक डग्लस बर्मन यांनी मात्र नेमक्या त्याच वर्षीच्या मे महिन्यात शिक्षाविषयक कायद्यावर ब्लॉग सुरू केला होता. कोणत्या जिल्ह्यातील न्यायाधीशाने काय ठरवले, सरकारी वकिलांना न्याय खात्याने कोणत्या सूचना दिल्या, बचावपक्ष कोणते मुद्दे मांडतो आहे, हे सारे ते रोज मूळ कागदांसह प्रसिद्ध करू लागले. वाचक मुख्यतः वकील आणि न्यायाधीश होते, आणि तेच त्यांना नवे आदेश पाठवत. लेखक आणि वाचक मिळून त्या काळचा कायदा नोंदवत होते.

१२ जानेवारी २००५ रोजी ‘युनायटेड स्टेट्स विरुद्ध बुकर’ या निकालाने गोंधळ मिटवला. केंद्रीय कोष्टक यापुढे मार्गदर्शक राहील, बंधनकारक नाही, असे ठरले. त्या निकालातील न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांच्या भिन्नमतात बर्मन यांच्या ब्लॉगवर ठेवलेल्या एका सरकारी दस्तऐवजाचा हवाला आहे. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने ब्लॉगचा पत्ता उद्धृत करण्याची ही पहिली वेळ मानली जाते. उद्धृत झाला तो बर्मन यांचा युक्तिवाद नाही, त्यांनी जपून ठेवलेला कागद. ब्लॉगचे मोल कशात आहे, हे त्यावरून कळते.

दुसरे पान वाचण्याचा फायदा

२८ जून २०१२ रोजी राष्ट्राध्यक्ष ओबामांच्या आरोग्यविमा कायद्यावरील निकाल आला. प्रत्येकाला विमा घेणे भाग पाडण्याचा अधिकार केंद्र सरकारला आहे का, हा मुख्य प्रश्न होता. मुख्य न्यायमूर्ती रॉबर्ट्स यांच्या निकालपत्रात आधी व्यापार नियंत्रणाच्या अधिकाराची चर्चा होती, आणि त्या अधिकारात ही सक्ती बसत नाही असा निष्कर्ष होता. सीएनएन आणि फॉक्स या वाहिन्यांनी एवढे वाचून कायदा रद्द झाल्याची बातमी दिली. निकालपत्र मात्र पुढे जात होते. विमा न घेणाऱ्याला भरावी लागणारी रक्कम हा कर मानता येतो, आणि कर लावण्याच्या अधिकारात ती तरतूद टिकते, असे पुढे म्हटले होते. कायदा टिकला होता. ओबामांनीही दूरचित्रवाणीवर आधी चुकीचीच बातमी पाहिली. त्यांच्या कायदा सल्लागाराने ती दुरुस्त केली.

‘स्कोटसब्लॉग’ने निकाल बरोबर सांगितला. त्या घटकेला आठ लाखांहून अधिक लोक त्याचे थेट वृत्तांकन वाचत होते. हे यश चपळाईचे नव्हते. निकालपत्राची रचना त्या लोकांच्या अंगवळणी पडलेली होती. एका अधिकारात न बसणारी तरतूद दुसऱ्या अधिकारात बसू शकते, आणि हा कराचा मुद्दा युक्तिवादात मांडला गेला होता, हे त्यांना ठाऊक होते, म्हणून पहिल्या निष्कर्षावर ते थांबले नाहीत. १९५८ पासून न्यायालयाचे वृत्तांकन करणारे लाइल डेनिस्टन त्यांच्याबरोबर होते. एमी हॉव आधीपासून प्रत्येक महत्त्वाच्या खटल्यावर ‘साध्या इंग्रजीत’ अशा मथळ्याखाली लिहीत होत्या. २०१२ च्या कामासाठी या ब्लॉगला पीबडी पुरस्कार मिळाला; तो मिळवणारा हा पहिला ब्लॉग.

याच ब्लॉगला २०१४ मध्ये अमेरिकी सिनेटच्या पत्रकार कक्षाने अधिकृत ओळखपत्र नाकारले. त्याचे प्रकाशक गोल्डस्टीन त्याच सर्वोच्च न्यायालयात वकिली करतात, तेव्हा वृत्तांकन स्वतंत्र कसे मानायचे, असा आक्षेप होता. आक्षेप अगदीच पोकळ नव्हता. वकिलाच्या लेखनाची ताकद आणि त्याची अडचण एकाच जागी आहे: तो आतला माणूस असतो. ज्याला न्यायालयाचे कामकाज आतून कळते, त्याचे त्या न्यायालयात काही ना काही गुंतलेले असतेच. म्हणून ज्या खटल्यात आपण किंवा आपली संस्था वकील आहे, तेथे तसे ठळकपणे सांगण्याची प्रथा चांगल्या ब्लॉगांनी पाडली.

भारतात: निकालपत्र मोकळे झाले

भारतात हे लेखन फोफावायला आधी एक कायदेशीर अडसर दूर व्हावा लागला. निकालपत्र कुणाच्या मालकीचे? प्रताधिकार कायद्याच्या कलम ५२ नुसार, न्यायालयाने मनाई केलेली नसेल तर निकाल छापणे हा भंग ठरत नाही. पण छापील खंडांतून घेतलेल्या निकालांचे काय? ‘ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक’ या खटल्यात १२ डिसेंबर २००७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रेघ आखून दिली. शेतातून आलेले धान्य सगळ्यांचे; पण कुणी ते निवडून, पाखडून, पिशव्यांत भरले तर त्या मेहनतीवर त्याचा हक्क, असाच काहीसा तो न्याय आहे. निकालाचा मूळ मजकूर कुणीही प्रसिद्ध करू शकतो. प्रकाशकाने लिहिलेली हेडनोट आणि काही संपादकीय भर मात्र त्याची.

त्यानंतर काही आठवड्यांतच, जानेवारी २००८ मध्ये, सुशांत सिन्हा या संगणकशास्त्रज्ञाने ‘इंडियन कानून’ हे मोफत शोधस्थळ सुरू केले. कलम आणि निकाल एकमेकांना दुव्यांनी जोडलेले असल्याने एका कलमावरून त्यावरच्या शेकडो निकालांपर्यंत जाता येऊ लागले. २ जानेवारी २०२३ पासून सर्वोच्च न्यायालयाने स्वतःचे अधिकृत निकालखंडही ‘ई-एससीआर’वर मोफत उपलब्ध केले. महागडी वर्गणी परवडणारा वकील आणि नुकतीच सनद मिळालेला तरुण यांच्यातले अंतर त्यामुळे कमी झाले. मूळ कागद सर्वांना सारखाच मिळतो, तेव्हा वजन येते ते कागद वाचण्याच्या कौशल्याला. ते कौशल्य दाखवण्याची जागा ब्लॉग झाला. फुकट लिहिण्याचे हे एक रोकडे कारण आहे. नवख्या वकिलाकडे दाखवायला जिंकलेले खटले नसतात. चांगला समजावलेला निकाल असू शकतो.

मोडक खटल्याच्या निकालाआधीच, २००५ मध्ये, शमनाद बशीर यांनी ‘स्पायसीआयपी’ हा बौद्धिक संपदेवरील ब्लॉग सुरू केला होता. १ जानेवारी २००५ पासून भारतात औषधांच्या पदार्थालाच पेटंट मिळू लागले. त्याबरोबर पेटंट कायद्यात कलम ३(ड) आले. ज्ञात औषधाचे नुसते नवे रूप काढून भागणार नाही, त्याची परिणामकारकता वाढलेली दाखवावी लागेल, असा त्याचा आशय. या नव्या कायद्यावर ना जुने निकाल होते ना टीकाग्रंथ. औषधांच्या किमती, म्हणजे रुग्णांचे जीव, त्या कलमाच्या अर्थावर अवलंबून होते. नोव्हार्टिस कंपनीच्या ‘ग्लिव्हेक’ या कर्करोगावरील औषधाचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, तेव्हा या ब्लॉगवर त्याची टप्प्याटप्प्याने चर्चा होत राहिली, आणि बशीर स्वतः अभ्यासक म्हणून न्यायालयात हस्तक्षेपक झाले. १ एप्रिल २०१३ च्या निकालात न्यायालयाने म्हटले, की औषधाच्या बाबतीत परिणामकारकता म्हणजे उपचारातील परिणामकारकता. नोव्हार्टिसचा दावा फेटाळला गेला. बशीर २०१९ मध्ये अकाली वारले, पण ब्लॉग त्यांच्या सहकाऱ्यांनी चालू ठेवला. विद्यार्थ्यांना हाताशी धरून, त्यांचे लेखन तपासून छापण्याची त्यांची पद्धत आज राष्ट्रीय विधी विद्यापीठांतील अनेक विद्यार्थी-ब्लॉगांत दिसते.

२०१३ मध्ये गौतम भाटिया यांनी राज्यघटनेवरील ब्लॉग सुरू केला. खासगीपणाचा हक्क, आधार, कलम ३७७ अशा मोठ्या खटल्यांवर निकालानंतर लवकरच सविस्तर चिकित्सा वाचायला मिळण्याची सवय भारतीय वाचकाला त्याने लावली. ‘बार अँड बेंच’ आणि ‘लाइव्ह लॉ’ यांनी रोजच्या बातमीचे अंग उचलले. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठांचे थेट प्रक्षेपण २७ सप्टेंबर २०२२ रोजी सुरू झाले. पहिल्याच दिवशी दाखवलेल्या सुनावण्यांत महाराष्ट्रातील सत्तासंघर्षाची सुनावणी होती. घराघरांत लोकांनी ती पाहिली. पण दहावी अनुसूची, प्रतोद, अध्यक्षांचे अधिकार हे शब्द सुटे करून सांगणारे लेखन त्यांना सोबत हवेच होते.

जाहिरात की समजावणे?

आता सुरुवातीच्या मनाईकडे वळता येईल. अधिवक्ता अधिनियम, १९६१ खाली भारतीय विधिज्ञ परिषदेने केलेल्या नियमांतील नियम ३६ वकिलाला प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष जाहिरात करू देत नाही. परिपत्रके, दलाल, आपण लढवत असलेल्या खटल्यांविषयी वृत्तपत्रांत घडवून आणलेल्या टिप्पण्या किंवा छायाचित्रे, सारे निषिद्ध. पाटीसुद्धा बेताच्या आकाराची हवी, आणि तिच्यावर अमुक प्रकारच्या कामात विशेष प्रावीण्य असल्याचे लिहिता येत नाही. २००८ मध्ये थोडी सवलत मिळाली: वकिलाला संकेतस्थळ ठेवता येते, पण त्यावर नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक, शिक्षण आणि कामाची क्षेत्रे अशी ठरावीकच माहिती देता येते. नियम मोडल्यास समज देण्यापासून सनद जाण्यापर्यंत शिक्षा होऊ शकते.

ही परंपरा इंग्लंडकडून आली. इंग्लंडने १९८४ मध्ये सॉलिसिटरांना जाहिरातीची मुभा दिली. अमेरिकेत ‘बेट्स विरुद्ध स्टेट बार ऑफ अॅरिझोना’ या १९७७ च्या निकालाने ती आधीच मिळाली होती. म्हणून तेथे वाद वेगळ्या जागी होतो: ब्लॉगला जाहिरातीचे नियम लावायचे का? व्हर्जिनियातील एका फौजदारी वकिलाने आपल्याच, बहुतेक जिंकलेल्या, खटल्यांवर ब्लॉग लिहिला. ‘हंटर विरुद्ध व्हर्जिनिया स्टेट बार’ या २०१३ च्या निकालात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो व्यापारी मजकूर मानला आणि इतरांनाही असाच निकाल मिळेल असे नाही, अशी स्पष्ट सूचना लावायला सांगितली.

भारतात मार्च २०२५ मध्ये विधिज्ञ परिषदेने समाजमाध्यमांवरील प्रभावकांमार्फत होणाऱ्या वकिलांच्या जाहिरातींविरुद्ध कडक पत्रक काढले. त्याआधी जुलै २०२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने वकिलांच्या सेवा विकणाऱ्या संकेतस्थळांविरुद्ध कारवाईचे आदेश दिले होते. रीळवर ‘तीन महिन्यांत घटस्फोट’ असे आश्वासन देणाऱ्यांना रोखणे योग्यच आहे. त्यात फसतो तो अडलेला माणूस. पण कलमाचा अर्थ सांगणारा लेख आणि अशिलाला साद घालणारी जाहिरात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि नियम ३६ ची भाषा ‘ब्लॉग’ या प्रकाराचा विचार न करता लिहिली गेलेली आहे. त्यातील संदिग्धतेमुळे प्रामाणिक लेखकच कचरतो. लेख आणि जाहिरात यांतील सीमा परिषदेने शब्दांत मांडणे आवश्यक आहे.

अशिलाचे गुपित, न्यायालयाचा मान

वकिलाच्या लेखणीला पत्रकारापेक्षा एक बंधन जास्त असते. अशिलाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट त्याच्या संमतीशिवाय उघड करता येत नाही. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम १३२ मध्ये हे संरक्षण आहे, आणि वकिली संपल्यावरही ते टिकते. नाव गाळले की भागते, हा समज धोक्याचा आहे. छोट्या गावात ‘दोन भावांची विहीर’ एवढे लिहिले तरी भाऊ कोण ते सगळ्यांना कळते. अमेरिकन बार असोसिएशनच्या २०१८ च्या ४८० क्रमांकाच्या मतानुसार, सार्वजनिक नोंदीत असलेली माहितीसुद्धा वकिलाने अशिलाच्या संमतीशिवाय ब्लॉगवर लिहू नये, आणि काल्पनिक म्हणून दिलेल्या उदाहरणातूनही अशील ओळखू येता कामा नये. त्याआधी २०१० मध्ये इलिनॉय राज्यात एका सरकारी बचाव वकिलाला अशिलांबद्दल ब्लॉगवर लिहिल्यामुळे ६० दिवसांचे निलंबन भोगावे लागले होते.

दुसरी मर्यादा न्यायालयाच्या अवमानाची. न्यायालय अवमान अधिनियम, १९७१ च्या कलम ५ नुसार निकाली निघालेल्या प्रकरणाच्या गुणदोषांवर रास्त टीका केली तर तो अवमान नाही. टीका कुठवर चालते, हे २०१६ च्या एका प्रकरणात दिसले. केरळमधील एका खुनाच्या खटल्यातील निकाल चुकला, असे निवृत्त न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू यांनी जाहीरपणे लिहिले. सर्वोच्च न्यायालयाने ते लिखाणच फेरविचार अर्ज मानले आणि काटजूंना येऊन युक्तिवाद करायला बोलावले. निवृत्त न्यायमूर्तीच्या टीकेला एवढे महत्त्व मिळणे दुर्मीळच. पण ११ नोव्हेंबर २०१६ च्या सुनावणीत फेरविचार फेटाळला गेला आणि त्यांच्या ब्लॉगवरील काही मजकूर निकालावर नसून न्यायाधीशांवर आहे, असे म्हणून त्यांना अवमानाची नोटीस मिळाली. काटजूंनी माफी मागितली आणि जानेवारी २०१७ मध्ये प्रकरण बंद झाले.

चौकट: कायद्याचा ब्लॉग वाचताना
आधी तारीख पाहावी. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, त्यामुळे त्याआधीच्या लेखांतील कलमांचे क्रमांक आजच्या गुन्ह्याला लागू पडत नाहीत. मग निकालपत्राचा दुवा आहे का, आणि तो कोणत्या न्यायालयाचा निकाल आहे, ते पाहावे. दुसऱ्या राज्याच्या उच्च न्यायालयाचा निकाल महाराष्ट्रात बंधनकारक नसतो. लेखक त्या खटल्यात वकील होता का, हेही शोधावे. आणि ब्लॉग कितीही चांगला असला तरी त्याने आपले कागद पाहिलेले नसतात; मुदतीचा प्रश्न असेल तर वकिलाकडे जाण्यास उशीर करू नये.

मराठी वाचकाची गरज

राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४८ मुळे उच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालते, तर महाराष्ट्रातील तालुका व जिल्हा न्यायालयांची भाषा १९९८ च्या अधिसूचनेनुसार, काही अपवाद वगळता, मराठी आहे. म्हणजे सातबारा, वारसनोंद, पोटगी, भाडे यांची भांडणे मराठीत सुरू होतात आणि अपिलात गेली की पक्षकाराच्या आवाक्याबाहेरच्या भाषेत जातात. सर्वोच्च न्यायालयाच्या काही निकालांचे मराठी अनुवाद आता अधिकृतपणे मिळतात. पण निकालाची मराठी इंग्रजी वाक्यरचनेच्या ओझ्याने वाकलेली असते. तिलाही समजावणारा कुणी लागतो. वर सांगितलेले नावाजलेले ब्लॉग सारे इंग्रजीत आहेत. ज्या वकिलाचा दिवस तालुका न्यायालयात मराठीत उलटतपासणी घेण्यात जातो, त्याच्याकडे हे लेखन करण्याची भाषा तयार आहे.

दुवे तुटतात

ब्लॉगचा आधार दुवा, आणि दुवा हाच त्याचा कच्चा भाग. संकेतस्थळे बंद पडतात, पत्ते बदलतात, मालक बदलतात. ‘वोलोख कॉन्स्पिरसी’ २०१४ मध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’कडे आणि २०१७ मध्ये ‘रीझन’कडे गेला, ‘स्कोटसब्लॉग’ २०२५ मध्ये ‘द डिस्पॅच’ने घेतला. बुकर निकालात ज्या टाइपपॅड सेवेवरचा बर्मन यांचा पत्ता छापलेला आहे, ती सेवाच सप्टेंबर २०२५ मध्ये बंद झाली. हार्वर्डमधील जोनाथन झिट्रेन आणि सहकाऱ्यांनी केलेल्या पाहणीत अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांतील सुमारे निम्मे दुवे मूळ मजकुरापर्यंत पोहोचत नव्हते. कायद्याच्या नियतकालिकांत हे प्रमाण ७० टक्क्यांहून जास्त होते. त्यावर उपाय म्हणून हार्वर्डच्या कायदा ग्रंथालयाने २०१३ मध्ये ‘पर्मा’ ही सेवा उभी केली. लेखकाने पत्ता दिला की ती त्या पानाची प्रत जपते आणि नवा, न बदलणारा पत्ता देते. अमेरिकेचे सर्वोच्च न्यायालयही आता आपल्या निकालांत उद्धृत झालेल्या इंटरनेटवरील मजकुराच्या प्रती स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवते.